नऊ बाटल्या गाळ

२३ एप्रिल २०२५ ला माझी व्हायवा झाली आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट एकदाचा हातावेगळा झाला. विषय होता तळ्याच्या गाळातले जड धातू. सुरुवात केली तेव्हा मला हवं होतं ते एवढंच, की अर्ज कुठं द्यायचा, चिखल कशानं काढायचा आणि आकडे आल्यावर घाबरायचं की नाही, हे कुणीतरी सांगावं. तसं सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून आता मीच लिहून ठेवते.

तळ्याचं नाव देत नाही. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, यांपैकी ते नाही. सोलापूरच्या कडेला, वस्ती वाढत वाढत ज्याच्या काठापर्यंत येऊन टेकली आहे असं एक साधं तळं. नऊ बाटल्यांच्या जोरावर एखाद्या तळ्याची बदनामी करणं मला पटत नाही.

विषय ठरला जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात. आमचे पप्पा वीस वर्षं एका डाइंगमध्ये रंग कालवायचं काम करत होते. त्यामुळे सांडपाणी, रंग, धातू हे शब्द घरात जेवतानाही यायचे. मला पाण्याचेच नमुने घ्यायचे होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, पाणी सगळेच करतात, तू गाळ कर. का, तर शिसं, तांबं, क्रोमियम हे पाण्यात फार वेळ विरघळलेले राहत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांना, लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांना, कुजलेल्या पालापाचोळ्याला ते चिकटतात आणि खाली बसतात. पाणी म्हणजे आजचा गल्ला आणि गाळ म्हणजे उधारीची वही, कुणाचं किती थकलंय ते तिथं कळतं. शिवाय बसलेलं सगळं कायमचं बसत नाही. तळाशी ऑक्सिजन संपला की ती ऑक्साइडं विरघळायला लागतात आणि धरून ठेवलेले धातू पुन्हा पाण्यात सुटतात. म्हणजे उधारी वसूलही होते.

पहिला अडथळा म्हणजे हे तळं आहे कुणाचं? २२ जुलैला मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. ते म्हणाले, आमच्याकडं नाही, तिकडं जा. तिकडच्यांनी अर्ज वाचला, नकाशा मागितला, आणि आठ दिवसांनी सांगितलं की पाणी आमचं आहे पण मासेमारीचा ठेका दुसरीकडून जातो, त्यांचीही हरकत नाही असं पत्र आणा. ते पत्र मिळालं तोवर ऑगस्ट संपला. मग मूळ अर्जच सापडेना. तेव्हा माझी एकच गोष्ट बरोबर होती: पप्पांच्या सांगण्यावरून मी अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या आणि एकीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेऊन पोच ठेवली होती. ती दाखवल्यावर फाइल अर्ध्या तासात निघाली. तुम्ही जाल तेव्हा हे विसरू नका. आणि अर्जात ‘प्रदूषण’ हा शब्द घालू नका. ‘शैक्षणिक अभ्यासासाठी गाळाचे नमुने, प्रत्येकी सुमारे अर्धा किलो’ असं लिहा. पहिल्या मसुद्यात मी प्रदूषण लिहिलं होतं, तो वाचताना समोरच्या साहेबांची खुर्ची मागं सरकलेली मी पाहिली आहे.

परवानगी हातात पडली २६ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी होती १७ सप्टेंबरला. तळ्याच्या एका अंगाला विसर्जनाचा घाट आहे, आणि माझ्या सगळ्या आराखड्याचा जीव विसर्जनाआधी आणि विसर्जनानंतर अशा दोन फेऱ्यांत होता. ती पहिली फेरी नऊ दिवसांनी हुकली. त्या रात्री मी रडले, खोटं कशाला बोलू. मॅडमनी शांतपणे शीर्षकातून ‘पूर्व-पश्चात’ हे शब्द खोडले. गणपतीशी जोडलेलं काही करायचं असेल तर अर्ज एप्रिलमध्ये टाका.

आता साहित्य. धातू मोजायचे तर धातूच्या वस्तू लांब ठेवायच्या, हे पुस्तकात वाचायला सोपं असतं. विभागात चाळणी होती ती पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. बादली होती ती पत्र्याची, जस्ताचा मुलामा दिलेली. खुरपं लोखंडी. नळकांडं खुपसून गाळ काढावा म्हणून मी पीव्हीसी पाइप कापून आणला, तर मॅडमनी विचारलं, पीव्हीसीत स्टॅबिलायझर म्हणून काय घालत आलेत? शिसं. २०२१ मध्ये केंद्रानं त्यावर नियम काढले, पण माझा तुकडा पप्पांनी माळ्यावरून काढलेला, कोणत्या सालचा कोण जाणे. शेवटी ॲक्रिलिकची पारदर्शक नळी घेतली, ३५० रुपयांना. प्लॅस्टिकचे चमचे, प्लॅस्टिकचा टब, रुंद तोंडाच्या पॉलिथिनच्या बाटल्या. बाटल्या दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा खळबळून घेतल्या.

राहिली चाळणी. धातू जास्त करून ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांत असतात, म्हणून तेवढाच भाग वेगळा काढतात. एका बाटलीत वाळू जास्त आणि दुसरीत चिकणमाती जास्त असेल तर आकड्यांची तुलनाच होत नाही. नायलॉनची तयार चाळणी पाच हजारांच्या पुढं जात होती. हे ऐकून पप्पा म्हणाले, “एवढंच ना? स्क्रीनची जाळी घे की.” सोलापुरात टॉवेलवर, पिशव्यांवर छपाई करणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले पॉलिएस्टरची जी जाळी ताणतात, ती. पूर्व भागातल्या एका दुकानातून पाऊण मीटर आणली. दुकानदार काउंट, म्हणजे ठरावीक लांबीत धागे किती ते सांगतो, छिद्राचा आकार सांगत नाही. म्हणून आमच्या मायक्रोस्कोपखाली मोजपट्टीची काच ठेवून तीन वेगवेगळ्या जाळ्यांची छिद्रं मोजली आणि साठ-बासष्ट मायक्रॉनची निवडली. मग पप्पांनी प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ कापला, जाळी त्यावर ताणून गोल कडीत दाबून बसवली, आणि बोटानं टिचकी मारून ढोलकीसारखी वाजवून पाहिली. माझ्या सगळ्या साहित्यात तीच एक वस्तू नऊ महिने कुरकुर न करता चालली.

५ आणि ६ ऑक्टोबर, शनिवार-रविवार, नवरात्राचे दिवस. ठेकेदाराकडं मासे धरणारे एक काका त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून मला न्यायला तयार झाले, दोन दिवसांचे हजार रुपये. अनवाणी होते, नवरात्र पाळत होते. मी काठावर नकाशा उघडून बसले. गूगलच्या उपग्रह चित्रावर मी समान अंतरावर बारा ठिपके काढले होते, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखे. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

“काय करलालीस गं हे?”

“काका, या बारा जागांवरचा गाळ काढायचाय.”

“हितला?” त्यांनी बांधाजवळच्या चार ठिपक्यांवर ओला अंगठा ठेवला. “हितला गाळ तर नेलाय की समदा. जेसीबी लावून ट्रॅक्टरनं शेतात टाकला. तीन-चार वर्सं झाली. हितं आता खालची पांढरी लागंल तुला.”

मी गप्प झाले. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. कोरड्या तलावांतला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो रानात पसरायचा. गाळ उपसला की उधारीच्या वहीची पानंच फाडल्यासारखं. मी बांधाजवळ बारा सेंटिमीटरची नळी खुपसून ‘जुने थर’ म्हणून काय काय लिहिणार होते, कुणास ठाऊक. काकांनी मग तराफ्यावरून फिरवत दाखवलं: ओढ्याचं पाणी कुठून येतं, पावसात ते कुठं गोल फिरतं, गाळ कुठं निवांत बसतो, घाटाजवळ क्रेनचा पट्टा कुठं लागतो. बारा जागांच्या नऊ झाल्या. तीन ओढ्याच्या तोंडाशी, तीन मधल्या खोलगटात, तीन घाटाच्या अंगाला. माझ्या प्रबंधात ‘नमुना स्थळांची निवड’ असं जे दोन पानांचं प्रकरण आहे, ते खरं तर काकांचं आहे. आभारात तसं लिहिलंय.

नळी सरळ खाली दाबायची, वरून रबरी बूच लावायचं आणि हळू ओढायचं. वर आलं की पारदर्शक नळीत थर दिसतात: सगळ्यात वर दोन-तीन मिलिमीटर तपकिरी साय, त्याखाली काळाकुळकुळीत, सडक्या अंड्याचा वास मारणारा चिखल. त्या काळ्या भागात ऑक्सिजन नाही, वास हायड्रोजन सल्फाइडचा. मी वरचा पाच सेंटिमीटरचा थरच घेतला. प्रत्येक ठिकाणी तीन नळ्या भरून एकत्र कालवल्या, नळीला टेकलेली कड प्लॅस्टिकच्या चमच्यानं काढून टाकली. बाटलीवर मार्करनं लिहू नका, पाण्यानं जातं. पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून ती छोट्या झिप पिशवीत घालून बाटलीला बांधा, आणि तोच क्रमांक झाकणावर खिळ्यानं कोरा. (खिळा बाटलीच्या आत जाऊ देऊ नका.) बाटल्या बर्फाच्या डब्यातून घरी आणल्या आणि तीन दिवस आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी होत्या. आईनं त्या तीन दिवसांत फ्रिज उघडला नाही, दही मीच काढून दिलं.

ओला असतानाच गाळ चाळायचा. आपली काळी माती वाळली की दगड होते, मग ती जाळीतून काय जाणार? तळ्याचंच थोडं पाणी घालून बोटांनी हळूहळू चोळत चाळलं, खाली उतरलेलं पाणी रात्रभर निवळू दिलं, वरचं ओतून उरलेला लगदा ओव्हनमध्ये पन्नास अंशांवर वाळवला. त्याच्या वड्या झाल्या. त्या अगेटच्या, म्हणजे एका कठीण दगडाच्या खलात कुटायच्या. एका नमुन्याला चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं होतं.

मग दिवाळी आली. त्याआधीच, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली होती. २० नोव्हेंबरला मतदान. विभागातली अर्धी माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडं ते रोज वेगळं. तो महिना वाया गेला असं धरूनच चाला, मी नाही धरला म्हणून उगाच तळमळले.

डिसेंबरात पहिली चाचणी घेतली. पाच बीकर: तीन नमुने, एक तोच नमुना पुन्हा, आणि एक ब्लँक. ब्लँक म्हणजे सगळी ॲसिडं, सगळी गाळणी, सगळा वेळ तसाच, फक्त गाळ नाही. त्यात काहीच यायला नको. पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, ३०५०बी. एक ग्रॅम कोरडी भुकटी, त्यावर नायट्रिक ॲसिड, ९५ अंशांवर झाकण ठेवून मंद तापवायचं. तपकिरी धूर निघतो. पुन्हा ॲसिड, पुन्हा धूर, धूर थांबेपर्यंत. गार झाल्यावर थोडं पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, तेव्हा ते दुधासारखं फसफसून वर येतं, बीकर सोडून कुठंही जायचं नाही. शेवटी हायड्रोक्लोरिक ॲसिड, गाळणं, आणि शंभर मिलिलीटर करायचं. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात, चष्मा लावून. आमच्या हूडचा पंखा त्याच आठवड्यात जळाला, मी पहिला दिवस खिडकीजवळ उभं राहून रेटायचा प्रयत्न केला आणि मॅडमनी येऊन हॉट प्लेट बंद केली. त्यांचंच बरोबर होतं. मग पाच बीकर घेऊन शेजारच्या कॉलेजात गेले, तिथं हूडही होता आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं यंत्रही.

यंत्रात प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लावतात. तांब्याचा दिवा ३२४.८ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, ज्योतीत फवारलेल्या द्रवातलं तांबं तेवढाच प्रकाश शोषतं, किती शोषला त्यावरून किती तांबं ते कळतं. तांबं झालं, जस्त झालं. क्रोमियम लावलं आणि ब्लँकमध्ये क्रोमियम आलं. नमुन्यात आलं त्याच्या जवळपास अर्धं. ज्यात गाळच नाही त्या बीकरमध्ये क्रोमियम कुठून येणार? ॲसिडची बाटली बदलली, पाणी बदललं, तरी तेच. संध्याकाळी विभागात परत आले तर आमचे लॅबचे मामा स्टुलावर बसून चहा पीत होते. मी सहज म्हटलं, मामा, बीकर कशानं धुता?

“ताई, तुमचं सामान मी पावडरनं नाही धुतलं. तुमचं म्हणून क्रोमिकमध्ये रात्रभर बुडवलं. चकाचक!”

क्रोमिक ॲसिड. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड. काचसामान धुण्याची जुनी, रामबाण पद्धत, आणि त्यातलं क्रोमियम काचेच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, नंतरच्या तापत्या ॲसिडात उतरतं. मामांना काय बोलणार? ते माझ्यासाठी जास्तीचं काम करून बसले होते. मी त्यांच्यासोबत चहा घेतला आणि नव्या बीकरांची यादी लिहिली. आता काचसामान कसं धुतलं जातं हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि ब्लँक कधीही वगळू नका, कितीही कंटाळा आला तरी. तो एक रिकामा बीकर नसता तर मी बिनदिक्कत तळ्यात क्रोमियम आहे असं लिहून मोकळी झाले असते.

आमचा हूड दुरुस्त व्हायला निविदा लागणार होती, म्हणून मूळ नमुने पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत द्यायचे ठरले. तिथं मायक्रोवेव्हमध्ये विरघळवून आयसीपी नावाच्या यंत्रावर सगळे धातू एकदम मोजतात. विद्यार्थ्यांचा दर तेव्हा नमुन्याला १,१०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. कॉलेजचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं लेटरहेडवरचं पत्र दाखवलं तरच हा दर. मी दहा पाकिटं नेली. नऊ जागांची नऊ, आणि चौथ्या जागेचीच भुकटी ‘१०’ असं लिहून दुसऱ्या पाकिटात. प्रयोगशाळेला हे सांगायचं नाही. चार आणि दहा जुळले तर मोजणीवर भरवसा ठेवायचा. ८ जानेवारी २०२५ ला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेले. ॲसिडात विरघळवलेले नमुने कधीही रेल्वेनं नेऊ नका, कोरडी भुकटीच न्यावी. १२,९८० रुपये भरले, पावती घेतली, तीन आठवडे सांगितले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा त्या वाट पाहण्यात गेली. मैत्रिणी पाळण्यात बसल्या आणि मी खाली उभी राहून मोबाइलवर मेल तपासत होते.

मेल आला ३ फेब्रुवारीला. चार आणि दहा जुळले, तांबं ११२ आणि ११४ मिलिग्रॅम प्रति किलो. इथवर आनंद. मग मी तुलना करायला घेतली आणि हात गार पडले. सगळे जण ज्याच्याशी ताडून बघतात तो ‘सरासरी शेल’, म्हणजे टुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेले गाळाच्या खडकाचे सरासरी आकडे. त्यात तांबं ४५. माझं दुपटीहून जास्त. क्रोमियमही वरचढ. गोड्या पाण्याच्या गाळासाठी २००० साली मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी दोन पायऱ्या सुचवल्या आहेत: खालची, जिच्या आत जीवांना त्रास सहसा दिसत नाही, आणि वरची, जिच्यापुढं तो बहुधा दिसतो. तांब्याची खालची पायरी ३१.६. माझी नऊच्या नऊ ठिकाणं तिच्या वर. मी त्या रात्री पप्पांना म्हटलं, डाइंगच्या रंगांत तांबं असतं ना? ते म्हणाले, काही निळ्या-हिरव्यांत असतं. झालं, माझी गोष्ट तयार झाली. दुसऱ्या दिवशी पाच स्लाइडही केल्या.

मॅडमनी स्लाइड पाहिल्या आणि एकच प्रश्न केला. “तुझ्या रानातल्या मातीत किती आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. आपण बसलोय कशावर? दख्खनच्या बेसाल्टवर. काळ्या पाषाणात तांबं, क्रोमियम, निकेल हे मुळातच भरपूर आणि शिसं कमी. आपली काळी माती त्याच दगडाची झाली, आणि तीच पावसानं वाहून तळ्यात आली. माणसानं एक थेंब रंग न सांडताही माझ्या तळ्यात तांबं शेलपेक्षा जास्तच निघणार. दुसरी गोष्ट, शेलचे आकडे खडक पुरता विरघळवून काढलेले असतात. माझ्या पद्धतीत सिलिकेटचा गाभा तसाच राहतो. म्हणजे दोन्ही बाजूंची तुलना कच्ची.

९ फेब्रुवारीला रविवारी पप्पांना घेऊन तळ्याच्या वरच्या अंगाला गेले. एका शेतकऱ्याची विहीर अर्धवट खोदलेली होती. वस्ती, रस्ता, ओढा यांच्यापासून लांब. तिच्या कडेची वरची फूटभर माती सोडून खाली तीन वेगवेगळ्या खोलीवरून माती घेतली, तीच जाळी, तोच खल. तीन पाकिटं आणि सातव्या जागेचं एक पुन्हा, असे चार नमुने, आणखी ५,१९२ रुपये, आणखी एक पुण्याची खेप, आणखी चार आठवडे. हे ऑक्टोबरमध्येच केलं असतं तर एका फेरीत भागलं असतं. माझ्याकडून शिकण्यासारखी एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्या: पहिली बाटली तळ्यातून नाही, तळ्याच्या बाहेरून भरा.

६ मार्चला आकडे आले. विहिरीच्या मातीत तांबं सरासरी ९८, शिसं ९.

म्यूलर यांनी १९६९ मध्ये दिलेला भू-संचय निर्देशांक काढायला सोपा आहे. नमुन्याचा आकडा घ्या, मूळ आकड्याच्या दीडपटीनं भागा, आणि दोनच्या पायाचा लॉगॅरिदम काढा. शून्याच्या खाली आलं तर प्रदूषण नाही. दीडपट कशासाठी, तर खडकात नैसर्गिक चढउतार असतोच, त्याला जागा. तांब्याचा ११२ शेलवर ताडला तर ०.७३, म्हणजे थोडंफार प्रदूषित. विहिरीच्या मातीवर ताडला तर उणे ०.३९. प्रदूषण नाहीच. माझ्या पाच स्लाइड गेल्या.

पण खरा धक्का शिशाचा होता. घाटाजवळच्या तीन जागांवर शिसं ४६, ४१ आणि ३३ होतं, बाकी सगळीकडं ११ ते १६. शेलमध्ये शिसं २०, त्यामुळे ४६ चा निर्देशांक ०.६२ येत होता आणि मी त्याकडं फेब्रुवारीत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपल्या मातीच्या ९ वर ताडल्यावर तो १.७७ झाला, एक पायरी वर, मध्यम प्रदूषित. परक्या मापानं तांबं फुगलं होतं आणि शिसं लपलं होतं. सातव्या जागेचं पाकीट मी दुसऱ्या फेरीत पुन्हा दिलं होतं, ते ४५ आलं, म्हणजे चूक नव्हती.

ते शिसं आलं कुठून? मूर्तींच्या रंगातून, असं लिहायला हात शिवशिवत होता. पिवळ्या-केशरी रंगांत लेड क्रोमेट वापरत आलेत हे खरं, घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे हेही खरं. पण घाटाला लागूनच जुना रहदारीचा रस्ता आहे आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद होईपर्यंतचा धूर त्या उतारावरच बसला असणार. विसर्जनाआधीचे नमुने माझ्याकडं नाहीत. म्हणून मी ‘घाटाच्या बाजूला शिसं वाढलेलं आढळलं’ एवढंच लिहिलं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं: कारण का दिलं नाही? मी वरचं सगळं सांगितलं. ते हं म्हणाले आणि पुढचा प्रश्न ब्लँकबद्दल विचारला, तेव्हा मला क्रोमिकची गोष्ट सांगता आली. कॅडमियमच्या रकान्यात मी ‘शून्य’ न लिहिता ‘मोजमर्यादेखाली’, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, असं लिहिलं होतं, त्यावर मात्र मान डोलावली.

हिशेब द्यायचा राहिला. दोन्ही फेऱ्यांचं पुण्याचं बिल १८,१७२, रसायनं, बाटल्या, नवे बीकर आणि जाळी मिळून ४,३५०, प्रवास १,९००, तराफा १,०००, पाच प्रतींची छपाई-बांधणी १,७५०. एकूण २७,१७२ रुपये. कॉलेजनं ५,००० दिले, बाकी आईच्या भिशीचे. ती भिशी मूळ मिक्सरसाठी होती.

व्हायवा झाल्यावर त्याच आठवड्यात काकांना भेटायला गेले. एका पानावर मराठीत नकाशा आणि शिशाचे आकडे छापून नेले होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, “मग मासे खायचे का न्हाई?” गाळावरून ते सांगता येत नाही, त्यासाठी माशांचं मांस वेगळं तपासावं लागतं, असं मी म्हटलं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, मलाही नाही. घाटाच्या बाजूचा गाळ रानात नेऊ देऊ नका, आधी तपासायला लावा, एवढं मात्र सांगितलं.

मग ते नकाशा उलटसुलट करून बघत बसले. “हे सात नंबर हितं न्हवतं. हितं आठ. सातला आपण त्या बाभळीला दोर बांधला हुता.”

घरी येऊन वही काढली. ओल्या बोटांचे डाग पडलेलं ५ ऑक्टोबरचं पान. सातसमोर लिहिलं होतं: बाभूळ, दोर. जीपीएसचे आकडे संगणकात भरताना मी सात आणि आठची अदलाबदल केली होती. बाटल्यांचे क्रमांक बरोबर, आकडे बरोबर, नकाशावरचे दोन ठिपके चुकलेले. पाचही बांधीव प्रती ७ एप्रिललाच जमा झाल्या होत्या. शुद्धिपत्र टाइप केलं, विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच घेतली.